रंग गेला, तांबे राहिले

इचलकरंजीच्या प्रोसेस कारखान्यांचे सांडपाणी हे पंचगंगेचे जुने दुखणे. पुढे नृसिंहवाडीपर्यंत काठची शेती याच नदीवर.

कापडाच्या काही रंगांच्या रेणूतच तांबे गुंफलेले असते. नुसता चुना टाकून ते खाली बसत नाही. रंग त्याला धरून ठेवतो. म्हणून आधी रंग फोडायचा. आम्ल घालून पाण्याचा सामू 3 पर्यंत उतरवतात, मग हिराकस आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. पाणी नितळ दिसू लागते. फसगत होते ती इथेच! सुटे झालेले तांबे अजून पाण्यातच असते, डोळ्यांना दिसत नाही इतकेच. आता चुना घालून सामू 8-9 वर नेला, की हिराकसातल्या लोहाच्या गाळाबरोबर ते तळाशी जाते. हा गाळ घातक कचऱ्यात मोडतो. खत समजून शेतात टाकू नये.