गर्भवतीचे ताट आणि पाण्याचा पेला

१९५९ च्या फेब्रुवारीत भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि या पोलादनगरीत प्रांतोप्रांतींची कुटुंबे येऊन स्थायिक झाली. मराठी घरेही त्यांत आहेत. अशा वसाहतीत सुनेला दिवस गेले की शेजारणींचे सल्ले सुरू होतात. एक पपई वर्ज्य सांगते, दुसरी अननस, तिसरी तीळ. सगळ्यांचेच ऐकावे तर ताटात उरावे काय?

यांतील काही सांगण्यात तथ्य आहे. कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावण्याची भीती असते. म्हणून ती टाळावी. पूर्ण पिकलेली पपई बेताने खाण्यास मात्र हरकत नाही. परंतु ताटावर एवढा पहारा ठेवणारे घर पाण्याच्या पेल्याकडे क्वचितच लक्ष देते, आणि मोठा धोका तेथे असू शकतो.

१९५५ च्या अखेरीस दिल्लीच्या पाणीपुरवठ्यात सांडपाणी शिरले आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. इतरांच्या मानाने गर्भवती स्त्रियाच अधिक दगावल्या. ही कावीळ ‘हिपॅटायटिस ई’ या विषाणूची होती, हे पुढे निष्पन्न झाले. भिलाईशेजारच्या रायपुरातही २०१८ साली काविळीची साथ आली होती. इतरांना हा रोग बहुधा आपोआप सोडून जातो. परंतु गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो झाल्यास शंभरांतील वीस ते पंचवीस स्त्रियांचा प्राण जाऊ शकतो.

उपाय मात्र प्रत्येक घराच्या आवाक्यातला आहे. पिण्याचे पाणी खळखळून उकळावे, झाकून ठेवावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. बाहेर जाताना ते बाटलीत बरोबर न्यावे. रस्त्यावरचा बर्फ, पाणीपुरी, चिरून ठेवलेली फळे या दिवसांत वर्ज्य मानावीत. दूध उकळून, अन्न नीट शिजवून गरम असतानाच वाढावे.

अन्नावरची वासना उडणे, मळमळणे ही डोहाळ्यांचीच लक्षणे म्हणून पुष्कळदा सोडून दिली जातात. त्यांच्या जोडीला डोळे पिवळे दिसू लागले किंवा लघवी गडद झाली, तर झाडपाला आणि मंत्रतंत्रात वेळ न दवडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पपईच्या फोडीची काळजी वाहणाऱ्या सासूबाईंनी चुलीवर पाण्याचे पातेलेही रोज न चुकता चढवावे.