लंगोट आणि लुगडं

कोल्हापूरला उघड्या अंगाचं कधी वावडं नव्हतं. पहाटे गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत डोकावा. तेल, ताक, लिंबू, हळद घालून मऊ केलेली हौद्यातली तांबडी माती आणि तिनं माखलेली लंगोटातली पोरं दिसतील. शाहू महाराजांच्या खासबाग मैदानाला 1912 पासून हजारोंनी गर्दी लोटते, ती हीच अंगं पाहायला. पैलवानाचा फोटो घरात लागतो, चौकातल्या फलकावर झळकतो. त्यासाठी कुणाला नियम करावासा वाटला नाही.

याच गावच्या हंस पिक्चर्सनं 1938 साली ‘ब्रह्मचारी’ काढला. लेखन आचार्य अत्र्यांचं, दिग्दर्शन मास्टर विनायकांचं. औदुंबर ब्रह्मचर्याचं व्रत घेतो आणि किशोरी त्याला त्यातून बाहेर काढायला निघते, अशी गंमत. किशोरी झालेल्या मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पाण्यात उतरल्या आणि गहजब झाला. अत्र्यांनी टोपी उडवली होती पुरुषांच्या व्रताची. चर्चा मात्र झाली नायिकेच्या कपड्यांची. चित्रपट तुफान चालला, म्हणजे नाकं मुरडणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी तिकीटही काढलं असणार!

पण कोल्हापुरात कपड्यांचा खरा वाद पेटला तो अंबाबाईच्या दारात. गाभाऱ्यात जायचं तर पुरुषानं सोवळं नेसायचं, वरचं अंग उघडं. बाईला मुळात प्रवेशच नव्हता. 2011 मध्ये आमदार राम कदम महिलांना घेऊन आत गेले, पण तेवढ्यानं प्रश्न मिटला नाही. 1 एप्रिल 2016 रोजी उच्च न्यायालयानं विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर स्पष्ट केलं, की मंदिरप्रवेश हा बाईचा हक्क आहे. त्यासाठी 1956 चा कायदा होताच, फक्त तो साठ वर्षं कागदावर पडून होता. त्याच महिन्यात मंदिरप्रवेशासाठी लढणाऱ्या तृप्ती देसाई कोल्हापुरात आल्या, सलवार-कमीज घालून. साडी नेसून या, असं त्यांना सांगण्यात आलं. त्या तशाच आत गेल्या, धक्काबुक्की, मारहाण झाली आणि त्यांना रुग्णालयात हलवावं लागलं. नखशिखान्त झाकलेली बाई गाभाऱ्यात चालली नाही आणि तिथंच उघड्या छातीचा पुरुष शुचिर्भूत ठरला. मला यात धर्मापेक्षा मालकीच जास्त दिसते.

पुढच्याच वर्षी, जून 2017 मध्ये, खुद्द देवीला घागरा-चोळी नेसवली गेली आणि अख्खं गाव उसळलं. त्या रागातून पुजारी हटाव आंदोलन उभं राहिलं आणि 2018 मध्ये पगारी पुजाऱ्यांचा कायदा झाला. देवीच्या कपड्यांवरून सरकार हललं!

शेजारच्या गोव्यात नोव्हेंबर 2020 मध्ये स्त्री-पुरुषांतला हाच भेद आणखी ढळढळीत दिसला. पंचावन्नाव्या वाढदिवसाला अभिनेते मिलिंद सोमण किनाऱ्यावर विवस्त्र धावले, तो फोटो स्वतःच टाकला. तंदुरुस्तीचं कौतुक आधी झालं, गुन्हा मागाहून नोंदला गेला. त्याच दिवसांत चापोली धरणावरच्या, अश्लील ठरवलेल्या चित्रफितीसाठी अभिनेत्री पूनम पांडे यांना थेट अटक. फेसबुक-इन्स्टाग्रामचा नियमही आपल्या हौद्यासारखाच. पुरुषाची छाती चालते, बाईची झाकायची. स्तनपानाच्या फोटोंसाठी आयांनी वर्षानुवर्षं भांडण केलं, तेव्हा कुठं अपवाद झाला. 2023 च्या सुरुवातीला त्या कंपनीच्याच देखरेख मंडळानं हा नियम बदला, म्हणून सुनावलं.

इकडे अंबाबाईच्या मंदिरात तोकड्या कपड्यांना मनाई करण्याचा विषय 2018 च्या नवरात्राच्या तोंडावर निघाला होता, तेव्हा टीकाही झाली. मे 2025 मध्ये अंबाबाई आणि जोतिबाच्या मंदिरांसाठी तो पुन्हा आला. नियम स्त्री-पुरुष दोघांनाही आहे, एवढं मान्य करायला हवं. हाफ पँटमधल्या पोराला आणि स्कर्टमधल्या पोरीला तो एकाच आवाजात सांगितला जातो का, हे मात्र नवरात्राच्या रांगेत उभं राहूनच पाहायचं.