मोटारीचा श्वास

पुण्याकडे जाणाऱ्या द्रुतगती मार्गाचा आरंभ आपल्या कळंबोलीतच होतो. तेव्हा वेगवान मोटारींविषयी येथील विद्यार्थ्यांस कुतूहल वाटावे, हे स्वाभाविकच होय. परंतु मोटारीच्या अंगी बळ येते कोठून? एका दुर्मिळ अमेरिकन मोटारीच्या उदाहरणाने हे पाहू.

अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीने १९५५ साली ३०० अश्वशक्तीची एक आलिशान मोटार काढली. पुढे दरवर्षी तिच्या नावास नवे इंग्रजी अक्षर जोडण्यात येई. त्यांपैकी १९६३ सालची ‘३००-जे’ अवघी ४०० नग तयार झाली. तिचे इंजिन सुमारे ६.८ लिटरचे असून शक्ती ३९० अश्वशक्ती होती.

हे बळ केवळ आकाराचे नव्हते. इंधन जळण्यास हवा लागते. सिलिंडरात हवा जितकी अधिक शिरेल, तितके इंधनही अधिक जाळता येते. म्हणून अभियंत्यांनी इंजिनाच्या दोन्ही अंगांस एकेक कार्ब्युरेटर बसवून, तेथून विरुद्ध बाजूच्या सिलिंडरांपर्यंत नळ्या नेल्या. झडप मिटताच नळीतून धावत येणारी हवा अडते व दाबली जाते. त्या दाबाची लाट मागे जाऊन पुन्हा परतते. नळीची लांबी अशी बेतलेली असते की, इंजिनाच्या ठराविक गतीला ही लाट झडप उघडण्याच्या वेळीच परत यावी आणि तिने जादा हवा आत लोटावी. बासरीची लांबी सूर ठरविते, त्यातलाच हा प्रकार. निराळा पंप नाही. केवळ अचूक हिशेब!

याच क्रायस्लर कंपनीशी महाराष्ट्राचाही संबंध आला. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली व क्रायस्लरच्या सहकार्याने १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. पुढे मात्र या कंपनीने इटलीच्या फियाटची लहान मोटार हाती घेतली. तीच कालांतराने ‘पद्मिनी’ या नावाने प्रसिद्ध झाली. तिची शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती. तरी काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिने मुंबईकरांची ऑक्टोबर २०२३ पर्यंत सेवा केली आणि हजारो चालकांचे संसार चालविले.

३९० अश्वशक्तीची मोटार मोजक्या धनिकांच्या दारी राहिली. ४० अश्वशक्तीची मोटार सर्वांच्या कामी आली. पहिलीपासून अचूक हिशेब शिकावा आणि दुसरीपासून सेवा. आपल्या अंगी सामर्थ्य किती, याबरोबरच ते कोणाच्या उपयोगी पडले, हेही विद्यार्थ्याने स्वतःस विचारावे.