शटर चारला पडतं

पहाटे साडेपाच. फोन चिपळूणचा. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका बाईंची नणंद पेठमापात राहते, तिचा. "काकू, चिखल वाळायला लागलाय. आज निघाला नाही तर फोडून काढावा लागेल. आणि हात जोडते, कपडे नका पाठवू. परवापासून येतायत, रस्त्याच्या कडेला पडलेत नुसते." चष्मा सापडेना, तसंच अंदाजाने कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घेतलं: फावडी, घमेली, खराटे, गमबूट, फिनेल, ब्लीचिंग पावडर, चादरी, टोप, तवा, पळी. शुक्रवार, ३० जुलै २०२१. वाशिष्ठी नदी गावात शिरली ती २२ तारखेला, म्हणजे आठ दिवस झाले.

आठ दिवसांत गरज बदलते. पहिल्या दोन दिवसांत बिस्किटाचा पुडा आणि पाण्याची बाटली लागते. आठव्या दिवशी माणसाला स्वतःच्या चुलीवर स्वतःचा भात शिजवायचा असतो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. २६ जुलै २००५ ला कल्याणच्या आमच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी होतं आणि तिसऱ्या दिवशी मला सगळ्यांत हवीहवीशी वाटलेली वस्तू म्हणजे कोरडी काड्यापेटी.

सात वाजता चर्चचा हॉल उघडला. कोरोनामुळे तेव्हा देवळं, मशिदी, चर्च सगळंच बंद होतं. पाळकसाहेब रविवारी मोबाईलसमोर उभे राहून उपदेश करायचे आणि दानार्पण गुगल पेवर यायचं. तीन महिने बंद असलेला हॉल त्या आठवड्यात उघडला तो या कामासाठी. आत पाऊल टाकताच कुबट वास आला. आठवडाभरात डोंबिवली, ठाणे, कल्याण इथून गोण्या येऊन पडलेल्या, एकावर एक, छताकडे चाललेल्या.

महिला मंडळाच्या आम्ही सहा जणी. "सलाम बाई", "सलाम", मास्क वर, पदर खोचलेला. तीन ढीग करायचे: देण्याजोगं, धुऊन देण्याजोगं आणि पोचा, म्हणजे नुसतं पुसायच्या लायकीचं. गोणीतून काय काय निघालं? चेन तुटलेली जीन्स, एकेकटे मोजे, शाळेचे टाय, लग्नातला सोनेरी कोट आणि एक पोहण्याचा पोशाख. पुरात अडकलेल्या माणसाला पोहण्याचा पोशाख! हसलो खूप. मग एकीने एक साडी झटकली, घडीतून झुरळ निघालं, आणि हसणं थांबलं. नऊपर्यंत तिसरा ढीग सर्वांत मोठा झाला होता. खरं सांगायचं तर आपल्याकडे दान आणि कपाट आवरणं यांत लोक फारसा फरक करत नाहीत.

साडेनऊला तरुण संघातला एक मुलगा छोट्या पुस्तिकांचा गठ्ठा घेऊन आला. प्रत्येक पिशवीत एक वचनपुस्तिका टाकू म्हणाला. भाव चांगला होता. पाळकसाहेबांनी गठ्ठा उचलून स्वतःच्या कपाटात ठेवला. "बाळा, चिखलात उभ्या माणसाला आपण तांदूळ देतोय. तांदळाची किंमत वसूल करायची नाही." रेडक्रॉस आणि मदतसंस्थांनी १९९४ साली ठरवलेल्या आचारसंहितेतही हेच आहे, की मदत हे धर्माचं किंवा पक्षाचं मत पुढे रेटायचं साधन नव्हे. एरवीही आमच्या पिशवीत काय आहे हे डोळ्यांत तेल घालून पाहणारे लोक असतात. पण ते नसते तरी पुस्तिका कपाटातच गेल्या असत्या.

ठाण्याहून दोघं तरुण येणार होते, ते दहाला पोचले, मोटारसायकलवर, नखशिखान्त भिजलेले. लोकल तेव्हा फक्त अत्यावश्यक सेवेवाल्यांना होती. आम्ही पूरग्रस्तांसाठी धावपळ करत होतो, पण रेल्वेच्या यादीत आम्ही अत्यावश्यक नव्हतो. असो.

अकरा वाजता त्यांतल्या एकाच्या मागे बसून उल्हासनगरला निघाले. कोरोनामुळे दुकानांना तेव्हा चारपर्यंतच परवानगी होती आणि शनिवार-रविवारी कापडदुकानं बंद असायची. आज चादरी मिळाल्या तर मिळाल्या, नाहीतर सोमवार.

उल्हासनगरला आमच्याकडचे जुने लोक अजून 'कॅम्प' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने बांधलेल्या बराकी, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेले लाखाच्या आसपास लोक त्या बराकींत राहिले आणि १९४९ च्या ऑगस्टमध्ये गावाला नवं नाव मिळालं. प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची 'कासा' ही मदतसंस्थाही १९४७ च्या त्याच निर्वासितांसाठी सुरू झालेल्या कामातून उभी राहिली. त्याच्याही आधी, १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना केडगावला घेऊन आल्या होत्या. हे मागे बसून मी त्या मुलाला सांगत होते. त्याचं सगळं लक्ष खड्ड्यांत होतं, आणि ते बरंच होतं.

दुकानदार सत्तरीतले. एकशेवीस चादरी सांगितल्यावर त्यांनी आधी विचारलं, "किसके लिए?" चिपळूण म्हटल्यावर मराठीत आले आणि दर खरेदीच्या भावावर. मग नोकराला काहीतरी आणायला पाठवलं. सुयांची पाकिटं आणि दोऱ्याची रिळं, साठ-साठ. "ह्याचे पैसे नाही. माझी आई बराकीत आली तेव्हा लोकांनी कपडे खूप दिले. चांगले लोक होते. पण कोणाचा झगा ढगळ, कोणाचा आखूड. आई मरेपर्यंत म्हणायची, सुई कोणी दिली नाही." एवढं बोलून ते पावती करायला लागले. माझ्या पहाटेच्या यादीत सुई नव्हती. मी शिवणाची शिक्षिका होते, तीस वर्षं.

पावणेतीनला कल्याणात हार्डवेअरच्या दुकानात. फावडी मिळाली, घमेली मिळाली, गमबूट मात्र सगळे दहा नंबरचे. चिखल उपसतात बायकाही, हे गमबूट ठेवणाऱ्यांना कोणी सांगितलेलं नसावं. तीन दुकानं फिरून सहा-सात नंबरचे अकरा जोड जमले. चारला दोन मिनिटं असताना शटर अर्ध्यावर आलं आणि फिनेलचा शेवटचा कॅन आम्ही खालून ओढून घेतला.

पाच ते आठ पिशव्या भरल्या. साठ कुटुंबं, साठ पिशव्या. तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, मसाला, काड्यापेटी प्लॅस्टिकमध्ये, दोन चादरी, टोप, तवा, पळी, सुई-दोरा. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून चादरीच्या घडीत, म्हणजे पिशवी घरातला पुरुष उघडणार असला तरी बाईला लाजायला नको. ब्लीचिंग पावडर आणि फिनेल मात्र वेगळ्या गोण्यांत, टेंपोच्या मागच्या टोकाला. अशी मदत पाठवायला लागलो त्या पहिल्या वर्षी आम्ही तांदळाशेजारी फिनेल ठेवलं होतं. तो भात कोणी खाल्ला नसेल.

टेंपोवाला बॅनर मागत होता. बॅनर असला की नाक्यावर कोणी अडवत नाही. "पूरग्रस्तांसाठी मदत, कल्याण" एवढंच लिहिलं. फोटोसाठी थांबा, असं दोघातिघांचं म्हणणं होतं, पण पाऊस वाढला आणि तो प्रश्न आपोआप मिटला. पाळकसाहेबांनी बोनेटवर हात ठेवून प्रार्थना केली, मोजून अर्धा मिनिट. ड्रायव्हरने आपल्या गणपतीला उदबत्ती ओवाळली. साडेनऊला टेंपो शिळफाट्याच्या दिशेने निघाला. पुढे पनवेल, पेण, महाड. महाड तालुक्यातल्या तळीयेत त्याच २२ तारखेला दरड कोसळून ८० हून जास्त माणसं गेली होती. तो रस्ता रात्री पार करायचा होता.

शनिवारी सकाळी पावणेआठला पेठमापातून फोन आला. गमबूट आधी संपले.

पोच्याचा ढीग एकोणीस गोण्यांचा भरला. हॉलच्या कोपऱ्यात तो नाताळच्या तयारीपर्यंत तसाच होता. शेवटी एका गॅरेजवाल्याने हात पुसायला म्हणून किलोवर नेला. त्या पैशांत बावीस खराटे आले. ते माळ्यावर ठेवले, पुढच्या जुलैसाठी.