संथ पावलांचा व्यायाम : ताइ-ची

चीनमधील उद्यानांत पहाटे अनेक स्त्रीपुरुष एका लयीत, अतिशय सावकाश हातपाय हालविताना दिसतात. हे नृत्य नव्हे. युद्धकलेतून उदय पावलेला हा 'ताइ-ची' नावाचा व्यायाम होय. होनान प्रांतातील चेन घराण्याच्या गावी सतराव्या शतकात तो आकारास आला, असे सामान्यतः मानले जाते. १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने नवशिक्यांसाठी २४ हालचालींचा सुटसुटीत क्रम सिद्ध केला. हा क्रम पाच-सहा मिनिटांत पुरा होतो. तो अंगवळणी पडण्यास मात्र कित्येक महिने लागतात.

वर्गात आरंभी नीट उभे राहणेच शिकवितात : पाठ ताठ, गुडघे किंचित वाकलेले, खांदे सैल. नंतर शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यावयाचा. भार पेलणारा पाय 'भरलेला', दुसरा 'रिकामा'. पाऊल रिकामे झाल्यावाचून उचलावयाचे नाही. हे साधले म्हणजे हातांच्या हालचाली एकेक करून जोडल्या जातात.

इतका संथपणा कशासाठी? भरभर चालताना गतीचा जोर आपणास पुढे नेतो व तोलातील उणीव झाकली जाते. संथ हालचालीत हा आधार नसतो. गुरुत्वमध्य सतत टेकलेल्या पावलावर राखावा लागतो. डोळे, अंतर्कर्ण आणि सांधे-स्नायूंतील संवेदना यांच्याकडून मेंदूला तोलाची वार्ता मिळते, व पायांचे स्नायू तदनुसार कार्य करतात. अंग ताठरले तर स्नायू एकमेकांनाच विरोध करतात. म्हणून शिक्षक वारंवार 'सैल व्हा' असे सांगतात. सैल होणे म्हणजे गळून जाणे नव्हे; अनावश्यक ताण तेवढा सोडावयाचा.

वार्धक्यात तोल जाऊन पडणे हे अस्थिभंगाचे व परावलंबनाचे मोठे कारण असते. अमेरिकेत कंपवाताच्या १९५ रुग्णांवर केलेला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे ताइ-ची करणाऱ्यांचा तोल इतर दोन गटांपेक्षा अधिक सुधारला. केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. यामुळे कंपवात बरा होतो असे मात्र नव्हे. ताइ-ची औषधाची जागा घेत नाही, आणि गुडघेदुखी किंवा चक्कर असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ला घेऊनच आरंभ करावा. प्रारंभी खुर्चीचा आधार घेण्यात कमीपणा नाही. आज एक पाऊल स्थिर पडले, तर उद्या दुसरे शिकता येते.