हंगामी कामगारांची प्रसूतिरजा

वर्षातील काही ठराविक महिनेच चालणाऱ्या उद्योगात काम करणाऱ्या स्त्रीला गर्भारपणाच्या अखेरीस व बाळंतपणानंतर मिळणारी भरपगारी विश्रांती. बारमाही नोकरीत प्रसूतिरजेचा प्रश्न मुख्यतः रजेच्या मुदतीचा असतो. हंगामी कामात त्याआधीच दोन प्रश्न उभे राहतात : रजेला पात्र ठरण्याइतके दिवस काम भरले काय आणि ज्या महिन्यांत मुळात कामच नसते, त्या महिन्यांत रजा असते काय. साखर कारखाने, कापसाचे जिनिंग-प्रेसिंग कारखाने आणि भुईमूग फोडण्याचे कारखाने हे भारतातील अशा उद्योगांचे ठळक नमुने होत. महाराष्ट्रात या प्रश्नाचे स्वरूप साखर उद्योगात सर्वांत स्पष्ट दिसते.

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके या दृष्टीने उदाहरणादाखल घेण्यासारखे आहेत. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर येथे उसाची शेती वाढली आणि तिच्या आधारावर सहकारी साखर कारखाने उभे राहिले. माळेगाव बुद्रुक येथील माळेगाव सहकारी साखर कारखाना (शिवनगर), सोमेश्वरनगरचा श्री सोमेश्वर कारखाना, भवानीनगरचा श्री छत्रपती कारखाना हे त्यांपैकी प्रमुख होत. गळीत हंगाम सामान्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. उसाचे क्षेत्र, पाऊस व कारखान्याची गाळपक्षमता यांनुसार तो लांबतो अथवा आखडतो. कारखान्याच्या परिसरात या काळात स्त्री-कामगारांचे दोन अगदी वेगळे वर्ग आढळतात. पहिला, कारखान्याच्या हजेरीपटावर असलेल्या हंगामी स्त्रिया. कार्यालय, प्रयोगशाळा, सफाई यांसारख्या विभागांत त्या असतात व त्यांची संख्या थोडी असते. दुसरा, उसाच्या फडात तोडणी करणाऱ्या स्त्रिया. त्यांची संख्या फार मोठी असते, परंतु हजेरीपटावर त्यांचे नाव नसते. कायद्याने या दोन वर्गांना दिलेली वागणूक अगदी भिन्न आहे.

पूर्वेतिहास : १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने उद्योग व व्यापार यांतील स्त्रियांसाठी प्रसूतिसंरक्षणाचा संकेत स्वीकारला, शेतीतील स्त्रियांना त्यातून वगळले होते व १९२१ साली त्यांच्यासाठी केवळ शिफारस करण्यात आली. १९५२ च्या संकेतात शेतीकामाचा समावेश झाला. भारतात मुंबई प्रांताने १९२९ साली कारखान्यांतील स्त्रियांसाठी पहिला प्रसूति लाभ कायदा केला. त्याच्या विधेयकावर जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी असे प्रतिपादन केले, की मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्यामुळे खर्चाचा मोठा भार शासनाने उचलणे योग्य ठरेल. पण म्हणून मालकाला जबाबदारीतून पूर्णपणे सोडता येणार नाही. हा भार कोणी उचलायचा, हाच हंगामी कामाच्या बाबतीत आजही वादाचा मुद्दा आहे. प्रांतोप्रांतीच्या कायद्यांची जागा पुढे प्रसूति लाभ अधिनियम, १९६१ या केंद्रीय कायद्याने घेतली. त्यातील बहुतेक तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आल्या असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे (⟶ सामाजिक सुरक्षा).

कर्मचारी राज्य विमा योजनेत प्रसूतीचा खर्च एका मालकावर न पडता विम्याच्या सामाईक निधीतून भागविला जातो. परंतु या योजनेतून हंगामी कारखाने वगळलेले आहेत आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत साखर व गूळ यांचा नाव घेऊन उल्लेख केलेला आहे. परिणामी साखर कारखान्यातील हंगामी स्त्रीच्या रजेचा पगार थेट त्या कारखान्यालाच द्यावा लागतो. सामाईक निधीची सोय बारमाही कामगाराला आहे; ज्याला तिची गरज अधिक, त्या हंगामी कामगाराला नाही. ही विसंगती १९४८ च्या मूळ विमा कायद्यापासून चालत आली असून नव्या संहितेतही ती कायम राहिली आहे.

पात्रता : प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या लगतपूर्वीच्या बारा महिन्यांत त्याच मालकाकडे किमान ८० दिवस प्रत्यक्ष काम केले असल्यास स्त्री लाभाला पात्र ठरते. मूळच्या १९६१ च्या कायद्यात ही अट १६० दिवसांची होती. चार-पाच महिन्यांच्या हंगामात ती पुरी होणे जवळजवळ अशक्यच होते. १९८८ च्या दुरुस्तीने ती निम्म्यावर आणली आणि हंगामी स्त्रियांना या कायद्याचा खरा उपयोग तेव्हापासून सुरू झाला, असे म्हणता येईल. पगारी सुट्या आणि कामबंदीचे म्हणजे ‘ले-ऑफ’चे दिवस या ८० दिवसांत धरले जातात. त्यामुळे ऐन हंगामात यंत्र बिघडून गाळप थांबले व कामगारांना ले-ऑफ दिला गेला, तर ते दिवस वाया जात नाहीत. हंगाम संपल्यानंतरचे रिकामे महिने मात्र ले-ऑफ मानले जात नाहीत.

१ नोव्हेंबरला हंगाम सुरू झाला व आठवड्यातून सहा दिवस काम मिळाले, तर १ फेब्रुवारीच्या सुमारास ८० दिवस भरतात. ज्या स्त्रीचे बाळंतपण पुढील एप्रिल ते ऑक्टोबर या काळात अपेक्षित आहे, तिची पात्रता या एकाच हंगामावर सहज सिद्ध होते. कारण तो हंगाम तिच्या बारा महिन्यांत सर्वस्वी किंवा बव्हंशी येतो. अडचण येते ती हंगामाच्या मध्यावर बाळंत होणाऱ्या स्त्रीची. समजा, प्रसूती १५ जानेवारीला अपेक्षित आहे. मग मागील हंगामाचा उत्तरार्ध आणि चालू हंगामाचा आरंभ असे दोन तुकडे जोडावे लागतात. मागील गाळप ३१ मार्चपर्यंत चालले असेल, तर १५ जानेवारीपासूनचे सुमारे ६५ दिवस जमेस येतात. चालू हंगामात १ नोव्हेंबरपासून काम करून ती प्रसूतीपूर्वी आठ आठवडे, म्हणजे २० नोव्हेंबरला, रजेवर गेली तर आणखी १६ दिवस मिळून एकूण ८१ होतात. अट एका दिवसाने पार पडते. तेच मागील गाळप ऊस कमी पडल्याने १० मार्चलाच आटोपले असेल, तर जमेस फक्त ४७ दिवस राहतात आणि तिला ९ डिसेंबरपर्यंत काम करावे लागते. त्यातच नवा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला, तर ती प्रसूतीपूर्वी जेमतेम तीन आठवडे मोकळी होते. पाऊस किती झाला व ऊस किती उभा राहिला, यावर अशा रीतीने गरोदर स्त्रीची विश्रांती अवलंबून राहते. म्हणून हंगामी नोकरी करणाऱ्या स्त्रीने मागील हंगामातील हजेरीचा दाखला व पगारपत्रके जपून ठेवणे आणि गर्भधारणा निश्चित होताच दिवसांची मोजणी करणे अगत्याचे असते. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या सहा आठवड्यांच्या अगोदरचा एक महिना तिने मागणी केल्यास तिला कष्टाचे अथवा फार वेळ उभे राहण्याचे काम देता येत नाही. दिवस भरण्यासाठी कामावर राहणे भाग पडलेल्या स्त्रीला ही तरतूद विशेष उपयोगी आहे.

लाभाची मुदत २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन हयात अपत्यांपर्यंत २६ आठवडे आहे. त्यांपैकी प्रसूतीपूर्वी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात. दोन किंवा अधिक अपत्ये हयात असल्यास मुदत १२ आठवडे असते. प्रसूतीनंतर सहा आठवडे स्त्रीला कामावर घेण्यास मनाई आहे. लाभाचा दर रजेपूर्वीच्या तीन महिन्यांत काम केलेल्या दिवसांच्या सरासरी रोजावर ठरतो. येथे हंगामी स्त्रीपुढे दुसरी अडचण येते. मार्चअखेर गाळप संपले आणि ती जुलैच्या मध्यावर रजेवर गेली, तर आधीच्या तीन महिन्यांत तिचा एकही कामाचा दिवस नसतो. अशा वेळी किमान वेतनाच्या दरापेक्षा लाभ कमी असू नये, हे बंधन तिच्या उपयोगी पडते. परंतु कुशल कामाचा तिचा हंगामातील रोज त्याहून अधिक असेल, तर तिचे नुकसान होते. सरासरी काढताना शेवटचे तीन कामाचे महिने धरावेत, अशी साधी दुरुस्ती हा दोष दूर करू शकेल.

हंगाम संपल्यावर रजा चालू राहते काय, याबाबत पात्रतेच्या कलमात हंगामी कामगारांचा स्वतंत्र उल्लेख नाही. तेव्हा न्यायनिर्णयांचा आधार घ्यावा लागतो. मोरिंडा (पंजाब) येथील सहकारी साखर कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली असा निर्णय दिला, की गाळप संपल्यामुळे हंगामी कामगाराचे काम थांबणे ही कामगारकपात नव्हे. मात्र कारखान्याने अशा कामगारांची नोंदवही ठेवून पुढील हंगामात त्यांना बोलवावे. म्हणजे बिगरहंगामी काळात नाते तुटत नाही, ते स्थगित असते. महाराष्ट्रातील कारखान्यांत ‘हंगामी कायम’ कामगारांना या काळासाठी ‘रिटेन्शन’ नावाचा भत्ता मिळतो, त्याचे मूळही याच कल्पनेत आहे. कोइमतूरजवळील एका मळ्यातील स्त्री-कामगाराच्या खटल्यात (१९७७) प्रसूति लाभ मोजताना बिनपगारी रविवारही धरले पाहिजेत, असे ठरले. दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील स्त्रियांच्या खटल्यात (२०००) रोजंदारीवरील स्त्रियांनाही लाभाचा हक्क आहे, असा निर्वाळा मिळाला. डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात (२०२३) तर कराराची मुदत रजा संपण्यापूर्वी संपली, तरी एकदा पात्र ठरलेल्या स्त्रीला पूर्ण २६ आठवड्यांचा लाभ दिलाच पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. या निर्णयांचा एकत्र विचार केल्यास, ८० दिवस भरलेल्या हंगामी स्त्रीचा लाभ गाळपाच्या शेवटच्या दिवशी खंडित करता येणार नाही, हाच अर्थ सयुक्तिक ठरतो.

ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रिया : वरील सर्व विवेचन हजेरीपटावरील स्त्रियांना लागू आहे. बीड, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), जालना इ. जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागांतून तोडणीसाठी येणाऱ्या स्त्रियांना ते लागू होत नाही. तोडणीचा करार कारखाना किंवा वाहतूकदार मुकादमाशी करतो आणि मुकादम जोडप्यांना हंगामापूर्वीच उचल देऊन बांधून घेतो. नवरा-बायको मिळून एक कोयता मानला जातो. तोडलेल्या उसाच्या वजनावर मजुरी ठरते व ती उचलीतून वळती होते. कोयता हे एकक असल्याने स्त्रीची मजुरी, तिचे कामाचे दिवस आणि तिची रजा यांपैकी कशाचीही वेगळी नोंद होत नाही. दोघांपैकी एक जण कामावर आला नाही, तर खाडा धरून पैसे कापले जातात. बाळंतपणामुळे स्त्री बसून राहिली की राहतो तो अर्धा कोयता, आणि न फिटलेली उचल पुढील हंगामावर चढते. याचा अर्थ असा, की येथे बाळंतपणाची विश्रांती केवळ बिनपगारी नसते, तर तिच्यासाठी कुटुंबालाच पैसे मोजावे लागतात. पहाटेपासून तोडणी, मोळ्या बांधणे व त्या डोक्यावरून वाहनात चढविणे हे काम गरोदर स्त्रिया बरेचदा दिवस भरेपर्यंत करतात आणि बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत पुन्हा फडात उतरतात. बाळ कोपीत किंवा फडाच्या कडेला झोळीत असते.

मळ्यातील कामगार स्त्रियांना कायद्याचे संरक्षण आहे, परंतु ‘मळा’ या संज्ञेत चहा, कॉफी, रबर, सिंकोना, वेलदोडा यांसारखी पिके येतात. ऊस येत नाही. खाड्याच्या भीतीचे परिणाम बाळंतपणापुरते मर्यादित नाहीत. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांविषयी ओरड झाल्यावर राज्य शासनाने २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढल्याचे आढळले. पाळीच्या तक्रारींमुळे काम बुडू नये, हे या शस्त्रक्रियांमागील एक कारण म्हणून पुढे आले.

या स्त्रियांना उपलब्ध असलेला आधार म्हणजे २०१७ साली सुरू झालेली प्रधानमंत्री मातृवंदना योजना. पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत व दुसरे अपत्य मुलगी झाल्यास ६,००० रुपये असे तिचे स्वरूप आहे. पहिला हप्ता गरोदरपणाची नोंदणी व तपासणी यांनंतर, तर दुसरा जन्मनोंदणी व बाळाच्या लसीकरणाचा पहिला टप्पा पार पडल्यावर मिळतो. नोंदणी गावी आणि लसीकरण फडावर अशी स्थिती असल्याने माता व बाल संरक्षण कार्ड सोबत बाळगणे व कारखान्याच्या परिसरातील अंगणवाडीत किंवा आरोग्य उपकेंद्रात नोंद करून घेणे आवश्यक ठरते. ही रक्कम २६ आठवड्यांच्या वेतनाच्या तुलनेत फारच अल्प आहे. तिला वेतनाची भरपाई म्हणण्यापेक्षा पोषणासाठीचे साहाय्य म्हणणे अधिक योग्य होईल.

इतर देशांनी हंगामी कामाची अडचण मोजणीची पद्धत बदलून सोडविली आहे. कॅनडाच्या रोजगार विम्यात दिवसांऐवजी तास मोजतात व ५२ आठवड्यांत ६०० तास भरले की प्रसूति लाभ मिळतो. ते तास कोणत्याही मालकाकडचे चालतात. ब्रिटनच्या प्रसूति भत्त्यासाठी ६६ आठवड्यांच्या मुदतीत कोणतेही २६ आठवडे काम पुरते. पाहणीची मुदत एका वर्षापेक्षा लांब ठेवल्याने मागील हंगामाचा बराच मोठा भाग हिशेबात येतो आणि लाभ निधीतून मिळत असल्याने मालक बदलला तरी हक्क बुडत नाही.

अशा निधीचा नमुना महाराष्ट्राला परका नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालकांकडून मजुरीवर ठराविक टक्के आकारणी घेऊन, मालक रोज बदलणाऱ्या हमालांनाही रजा व निर्वाह निधी मिळवून दिला (⟶ माथाडी कामगार). ऊसतोडणी कामगारांसाठी स्थापन झालेल्या गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकरिता कारखान्यांकडून गाळप केलेल्या उसावर टनामागे १० रुपये घेण्याचे व तितकीच रक्कम शासनाने घालण्याचे धोरण ठरले. टनावरील आकारणी हंगामाबरोबर आपोआप कमीजास्त होते व एका कारखान्यावर स्त्रिया कामाला ठेवल्याचा भुर्दंड पडत नाही. प्रसूति लाभासाठी याहून सोयीचा पाया सुचणे कठीण आहे. मात्र माथाडी मंडळात प्रत्येक कामगाराची स्वतंत्र नोंदणी असते, तर फडात नोंद असते ती कोयत्याची. ग्रामसेवकांमार्फत ऊसतोडणी कामगारांना ओळखपत्रे देण्याचे काम २०२१ नंतर हाती घेण्यात आले. ते ओळखपत्र स्त्रीच्या स्वतःच्या नावाने असेल आणि कारखान्याच्या तोडणी-नोंदीशी जोडले जाईल, तरच तिचे कामाचे दिवस मोजता येतील.