एका उसाच्या पाच बाटल्या



मागचा गाळप हंगाम संपत आला होता. मी डिस्टिलरीतून निवृत्त झालो त्याला आता बरीच वर्षे झाली, तरी कोणी ना कोणी काही विचारायला घरी येतच असते. त्या दिवशी आपल्याच एका सभासदाचा मुलगा आला. हमरस्त्याला त्याने हॉटेल बांधले आहे आणि परमिट रूमचा परवानाही हाती आला आहे. बरोबर त्याचे चुलते होते. गळ्यात माळ, आषाढीची वारी कधी न चुकलेले. सगळे त्यांना तात्या म्हणतात.

मुलाने खिशातून कागद काढला. "साहेब, तुमचं आयुष्य डिस्टिलरीत गेलं. रमची एवढी यादी नजरेखालून घाला."

यादीत सात नावे होती. सातही काळ्या, गोडसर, एकाच पद्धतीच्या. मी म्हणालो, "अरे, पाट्या सात लावल्यास, पण वाण एकच आहे. गिऱ्हाइकाने बदल मागितला तर काय देशील?"

तात्या इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "साहेब, म्या काय पीत न्हाई, पर इचारतो. ही दारू आपल्याच मळीची व्हती म्हनत्यात. मग आपल्या उसाचं नाव तिच्यावर का न्हाई?"

मुलाची यादी आणि तात्यांचा प्रश्न, दोन्हींचे उत्तर एकच आहे. ते सर्व सभासदांना कळावे म्हणून हा लेख. हे पिण्याचे आमंत्रण नव्हे. जो पीत नाही त्याने सुरू करू नये, आणि जो पितो त्याने बेताने घ्यावी. पण आपण पिकवतो त्या मालाचे पुढे काय होते, हे माळकऱ्यालाही माहीत असायला हवे.

मळीचा हिशेब

इथे मळी म्हणजे मोलॅसिस, हे आधी स्पष्ट करतो. आपण शेतात टाकतो ते प्रेसमड वेगळे. एक टन ऊस गाळला की साखर निघून गेल्यावर साधारण ४० ते ४५ किलो शेवटची मळी उरते. एक टन मळीपासून सुमारे २२५ ते २५० लिटर मद्यार्क मिळतो. म्हणजे एक टन उसामागे दहा लिटर धरा. आपल्याकडच्या रमची तीव्रता बहुधा ४२.८ टक्के असते. त्या हिशेबाने तुमच्या एक टन उसाच्या नुसत्या मळीत ७५० मिलिलिटरच्या सुमारे तीस बाटल्या दडलेल्या असतात. आता बरीचशी मळी इथेनॉलकडे जाते हे खरे, पण हिशेब ध्यानात राहू द्या.

रम ही उसाचीच. व्हिस्की धान्याची, ब्रँडी द्राक्षाची, तशी रम उसाच्या रसाची, काकवीची किंवा मळीची. मग जगभरच्या रममध्ये इतका फरक का?

ऊस कुठे पुसला जातो

मळीत पाणी आणि यीस्ट घालून ती आंबवतात. आपल्याकडे हे काम दीड-दोन दिवसांत उरकते. मग उंच कॉलममध्ये ऊर्ध्वपातन करून ९५-९६ टक्क्यांपर्यंत शुद्ध मद्यार्क काढतात. औषधाला आणि पेट्रोलला हे उत्तम. पण मद्यार्क जितका शुद्ध, तितका त्यातला ऊस पुसला जातो. वास आणि चव मागे राहतात. पुढे त्यात रंगासाठी कॅरॅमल म्हणजे करपवलेली साखर, वासासाठी काही अर्क आणि पाणी घातले, की स्वस्तातली काळी बाटली तयार होते. तात्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळते. बाटलीत ऊसच फारसा उरला नाही, तर त्याचे नाव कशावर घालणार?

म्हणून मी मुलाला सांगितले, "बाटली रंगावरून निवडू नकोस. तिच्यात ऊस किती उरला आहे ते पाहा." त्या बेताने पाच बाटल्या पुरतात.

पहिली : आपली काळी रम. ही हवीच. फौजेतून आलेल्या माणसाला दुसरी चालत नाही. 'ओल्ड मंक' १९५४ पासून बाजारात आहे आणि जाहिरातीवाचून खपली. मात्र या जातीची एक, फार तर दोन नावे ठेवावीत. कोला, सोडा किंवा हिवाळ्यात गरम पाणी, हे तिचे सोबती.

दुसरी : पांढरी, हलकी रम. ही क्युबाची पद्धत. सँटियागो दे क्युबा या गावी १८६२ साली बकार्डी घराण्याने धंदा सुरू केला. कॉलमचा हलका माल थोडा मुरवून कोळशातून गाळायचा, म्हणजे रंग जातो आणि चव मऊ होते. १९६० साली क्युबात कारखाने सरकारजमा झाले आणि हे घराणे बाहेर पडले. ही रम लिंबासाठीच जन्मलेली. ६० मिलिलिटर रम, २५ मिलिलिटर लिंबाचा रस, २० मिलिलिटर साखरेचा पाक, भरपूर बर्फात हलवून गाळली की झाली 'डाइकिरी'. सँटियागोजवळच्या खाणीच्या गावावरून हे नाव पडले. पुदिना आणि सोडा घातला की 'मोहितो'.

तिसरी : जमैकाची. हिचा वास दुरून येतो, अतिपिकलेल्या केळ्या-अननसासारखा. गंमत ऐका. ऊर्ध्वपातनानंतर जे काळे पाणी उरते, ज्याला आपण स्पेंट वॉश म्हणतो आणि ज्याच्या विल्हेवाटीपायी आपल्या डिस्टिलऱ्या जेरीस येतात, ते तिथे 'डंडर' म्हणून जपून ठेवतात आणि पुढच्या आंबवणात घालतात. जड रमचे आंबवण दीड-दोन दिवसांऐवजी आठवडा-दोन आठवडे चालते आणि ऊर्ध्वपातन तांब्याच्या हंड्यात होते. त्यामुळे वासाचे पदार्थ मालात उतरतात. ही रम चमचा-दोन चमचे दुसरीत मिसळली तरी सगळा ग्लास जागा होतो. आल्याच्या पेयाशी हिचे चांगले जमते.

चौथी : रसाची रम. फ्रेंचांच्या मार्टिनिक बेटावर मळीऐवजी थेट उसाच्या रसाची रम करतात. १९९६ पासून तिला तिथल्या मातीच्या नावाचे कायदेशीर संरक्षण आहे. ऊस ठरलेल्या गावांतलाच हवा, रसाचा ब्रिक्स १४ च्या खाली चालत नाही आणि ऊर्ध्वपातन ६५ ते ७५ टक्क्यांतच थांबवावे लागते. म्हणून बाटली उघडली की ताज्या तोडीच्या उसाचा, हिरव्या वाढ्याचा वास येतो. तोडल्यावर ऊस वाळला की काय होते, हे आपल्याला सांगायला नको. तिथे तर शिळ्या उसाची रमच बिघडते. हिच्यात लिंबाची एक चकती पिळून थोडा पाक घालतात, बस्स. मॉरिशसमध्येही आता रसाची रम होते. कोकणातून गिरमिटिया म्हणून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज त्या बेटावर आजही गणपती बसवतात.

पाचवी : लाकडात मुरलेली, सावकाश घ्यायची. बार्बाडोसची चालेल, तिथल्या 'माउंट गे'चा कागदोपत्री उल्लेख १७०३ सालचा आहे. नाही तर गयानाची डेमेरारा. तिथे लाकडी भांड्यांतले ऊर्ध्वपातन अजून चालू आहे आणि त्यातले एक भांडे मूळचे पोर्ट मोरंटच्या मळ्यातले. हे नाव क्रिकेटवाल्यांच्या कानावरून गेले असेल. रोहन कन्हाय तिथलेच. गयानाचे अध्यक्ष झालेले छेदी जगनही त्याच मळ्यातले, गिरमिटियांच्या कुळातले. आपल्या देशातून नेलेल्या माणसांनी तोडलेल्या उसावर ही रम नावारूपाला आली. उष्ण हवेत पिंपातला माल दरवर्षी थंड देशांच्या दुप्पट-तिप्पट उडून जातो, म्हणून ती महाग पडते. हिच्यात कोला घालणे म्हणजे इंद्रायणी तांदळाची पेज करून गुरांना घालणे.

परदेशी बाटल्यांवर शुल्क जबर असते. तेव्हा तिसरी, चौथी, पाचवी एकेकच घ्यावी, आणि मागणी असेल तरच पुन्हा घ्यावी.

सोबतीला काय?

बाटल्यांवर लाख उधळतात आणि लिंबू मात्र बाटलीतला रस वापरतात, ही सर्रास होणारी चूक. कागदी लिंबू रोज ताजे पिळावे. पाक घरीच करावा. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, विरघळली की उतरवा. जड रमसाठी काकवी तितक्याच कोमट पाण्यात पातळ करून ठेवावी. आल्याचा रस, पुदिना, शहाळ्याचे पाणी आणि जायफळ एवढे जवळ असले म्हणजे अर्धे काम झाले. यातले बहुतेक आपल्या बांधावर किंवा आठवडी बाजारात मिळते. विकत घ्यायचे ते सोडा, कोला आणि त्रिनिदादच्या अँगोस्टुरा बिटर्सची छोटी बाटली. तिचे दोन-चार थेंब पुरतात. पण ध्यानात ठेवा, त्या बिटर्समध्येही सुमारे ४५ टक्के मद्यार्क आहे. माळकऱ्याच्या सरबतात ते घालू नये.

मिसळण्याचे सोपे प्रमाण म्हणजे लिंबू एक माप, पाक दोन, रम तीन आणि पाणी-बर्फ चार, वर किसलेले जायफळ. याला 'पंच' म्हणतात. आंबट, गोड, मद्य, पाणी आणि मसाला अशा पाच वस्तूंवरून हा शब्द आपल्याच 'पाच'मधून गेला, असे अनेक कोशकार मानतात. इंग्रजांच्या आरमारात खलाशांना रोज रम मिळे. १७४० साली ॲडमिरल व्हर्ननने ती पाणी घालून द्यावी असा हुकूम काढला, आणि ३१ जुलै १९७० रोजी ती प्रथाच बंद झाली. नुसती रम पोटात ओतली की काम बिघडते, हे त्यांनाही उमगले होते.

परखण्याची एक रीत सांगतो. चमचाभर रम ग्लासात घ्या, तितकेच पाणी घाला आणि वास घ्या. नुसता व्हॅनिला आणि करपलेल्या साखरेचा वास आला तर समजा, ऊस वाटेत हरवला. आणि नियम विसरू नका. आपल्या राज्यात कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे आणि पिणाऱ्याला परवाना लागतो. बिनलेबलाचा, हातभट्टीचा माल कितीही स्वस्त असला तरी दारात उभा करू नये. त्यात माणसे मेली आहेत.

तात्यांचे उत्तर

मुलाने सातातली पाच नावे खोडली. मग मी तात्यांसाठी आले, लिंबू, पातळ काकवी आणि सोडा असे पेय केले. त्यांनी ग्लास रिकामा केला आणि म्हणाले, "ह्ये हाटेलात मिळंल का?" मुलगा म्हणाला, "तात्या, पहिल्या पानावर ठेवतो." जो पीत नाही त्याच्यासाठीही काही चांगले असल्याशिवाय बार भरला असे म्हणू नये.

राहिला त्यांचा प्रश्न. नाव का नाही? कारण आपण माल टँकरने विकतो, बाटलीने नाही. टँकरला भाव असतो, नाव नसते. आपल्या देशातही आता वारे बदलते आहे. बंगळुरूच्या 'अमृत'ने गुळाच्या मद्यार्काची रम केली. हरियाणातल्या पिकॅडिली या साखर धंद्यातल्याच कंपनीने 'कामिकारा' नावाने उसाच्या रसाची मुरवलेली रम काढली. तांब्याचा हंडा, लाकडी पिंपे आणि वर्षानुवर्षे अडकून पडणारे भांडवल लागते, हे मी डिस्टिलरीचा माणूस म्हणून जाणतो. उद्या आपण हेच करावे असे माझे म्हणणे नाही. कारखान्याला कर्ज आणि सभासदाला ऊसबिल आधी.

पण एक गोष्ट प्रत्येक सभासदाच्या हातात आहे. २०१३ च्या राज्याच्या ऊस दर कायद्यात रंगराजन समितीचे सूत्र आहे. साखरेबरोबर मळी, बगॅस आणि प्रेसमड यांचे उत्पन्न धरले तर त्यातला ७० टक्के वाटा उसाचा. तेव्हा वार्षिक सभेच्या अहवालात नुसते साखरेचे पान वाचून मिटवू नका. मळी किती निघाली, कोणत्या भावाने गेली, डिस्टिलरीला गेली तर कोणत्या दराने धरली, हे विचारा. तात्या पीत नाहीत, पण त्यांच्या उसातल्या त्या तीस बाटल्यांचा हिशेब मागण्याचा हक्क त्यांचा आहे. यंदाच्या सभेत ते विचारणार आहेत, असे मला सांगून गेले आहेत.